सेलमधून गळते ते ॲसिड नव्हे

बरेच महिने न वापरलेला टॉर्च, भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ किंवा टीव्हीचा रिमोट उघडला, की कधी कधी आतले सेल चिकटून बसलेले दिसतात. त्यांच्या टोकाशी पांढरी भुकटी जमलेली असते, नाहीतर तपकिरी ओल आलेली असते. सेल काढताना ती बोटांना लागते. पाहणारा लगेच म्हणतो, "हात धू, सेलमधले ॲसिड आहे ते!"

हात धुण्याचा सल्ला बरोबर आहे, पण दिलेले कारण बहुतेक वेळा चुकीचे असते. हा केवळ शब्दांचा वाद नाही. ॲसिड म्हटले की ज्याला थोडे रसायनशास्त्र आठवते तो खाण्याचा सोडा शोधू लागतो. जो पदार्थ हाताला लागला आहे तो अल्कली असेल, तर सोड्याचा काही उपयोग नाही आणि शोधण्यात गेलेली मिनिटे मात्र महागात पडतात. आतला पदार्थ बदलला तरी 'ॲसिड' हे नाव का टिकून राहिले, आणि त्वचेवर काय करावे याविषयी माणसाचे ज्ञान कसे बदलत गेले, हे समजून घेण्यासाठी विद्युतघटाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहावे लागते.

गळती पहिल्या घटापासूनच

२० मार्च १८०० रोजी इटलीतील शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचायच्या आणि प्रत्येक जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे अखंड विद्युतप्रवाह मिळतो, असे त्यांनी कळवले होते. हाच व्होल्टाचा विद्युत्‌स्तंभ. त्याची एक अडचण लवकरच लक्षात आली. चकत्यांच्या वजनाने कापडातले पाणी पिळले जाई आणि स्तंभाच्या कडेने ओघळून खाली येई. म्हणजे सेलची गळती ही सेलइतकीच जुनी आहे. त्या वेळी गळत होते ते फक्त मिठाचे पाणी, एवढाच फरक.

पुढच्या काळात जास्त प्रवाह मिळवण्यासाठी मिठाच्या जागी आम्ले आली. वेल्समधील विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली आणि जर्मनीतील रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४१ साली जे घट बनवले, त्यांत सौम्य सल्फ्युरिक आम्लाबरोबर तीव्र नायट्रिक आम्लही वापरले जाई. घट चालू असताना त्यातून नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर निघे. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांटे यांनी शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांचा, पुन्हा प्रभारित करता येणारा घट तयार केला. मोटारीत आणि घरच्या इन्व्हर्टरमध्ये आजही बहुधा याच घटाची सुधारलेली आवृत्ती असते. 'बॅटरी' आणि 'ॲसिड' या दोन शब्दांची गाठ पडली ती या काळात. मोटारीच्या बॅटरीच्या बाबतीत ती आजही योग्य आहे. पण टॉर्चमधल्या सेलची वंशावळ वेगळी आहे.

नवसागराचे युग

फ्रान्सचे अभियंते जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली एका नव्या घटाचे पेटंट घेतले. त्यात तीव्र आम्ल नव्हते. जस्ताची कांडी आणि कार्बनभोवती दाबून भरलेले मँगनीज डायऑक्साइड यांच्यामध्ये नवसागराचे, म्हणजे अमोनियम क्लोराइडचे, द्रावण असे. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर जो नवसागर टाकतो, तोच हा. घट स्वस्त होता, धूर सोडत नव्हता आणि अधूनमधून वापरण्यास उत्तम होता. त्यामुळे तारायंत्रे आणि दारावरच्या घंटा यांसाठी तो लोकप्रिय झाला. मात्र तो काचेच्या बरणीत असे आणि बरणी कलंडली की द्रावण सांडे.

जर्मनीतील माइन्झ येथील डॉक्टर कार्ल गास्नर यांनी १८८६ साली यावर उपाय काढला. नवसागराच्या द्रावणात त्यांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळून त्याचा घट्ट लगदा केला आणि जस्ताच्या कांडीऐवजी जस्ताचे भांडेच वापरले. या घटाला 'कोरडा घट' म्हणू लागले. हे नावही अर्धेच खरे आहे. आत ओल नसेल तर आयन हलणार नाहीत आणि वीजही मिळणार नाही. कोरडा घट कोरडा नसतो, त्याच्या आतला द्रव फक्त सांडत नाही.

गास्नर यांच्या रचनेतच पुढच्या गळतीचे कारण दडलेले होते. जस्ताचे भांडे हे घटाचे आवरणही असते आणि त्याचे इंधनही. सेल वापरला जातो तसतसे जस्त विरघळते आणि भांडे आतून पातळ होत जाते. सेल संपत आला की कुठेतरी भोक पडते आणि आतला लगदा पाझरतो. ही गळती रोखण्यासाठी विसाव्या शतकात जस्ताच्या भांड्याभोवती पुठ्ठ्याचे आणि पुढे पोलादी पत्र्याचे वेष्टण आले. तरीही संपलेला सेल तसाच आत राहिला तर तो कधीतरी पाझरतोच.

या सेलमधून जो पदार्थ गळतो तो अमोनियम क्लोराइड व झिंक क्लोराइड यांचे द्रावण असते. ते किंचित आम्लधर्मी असते. 'सेलमधले ॲसिड' या म्हणण्यात तथ्य असलेच तर ते एवढेच. त्वचेला त्याने खाज सुटते, लाली येते, चीर पडलेली असेल तर झोंबते. निरोगी त्वचेवरून ते साबणपाण्याने लगेच धुतले तर सहसा पुढे काही होत नाही.

अल्कलीचा प्रवेश

अल्कली घटात आली ती आम्लाला पर्याय शोधताना. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली निकेल-कॅडमियम घट तयार केला. अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी १९०१ साली निकेल-लोह घटाचे पेटंट घेतले. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी त्यांना शिसे आणि आम्ल नसलेली बॅटरी हवी होती. या दोन्ही घटांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते.

या पदार्थाचे आणि विद्युतघटाचे नाते आणखी जुने आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली मोठ्या विद्युत्‌घटमालेचा प्रवाह किंचित ओलसर पोटॅशमधून सोडला आणि पोटॅशियम हा धातू प्रथमच वेगळा केला. ज्या पोटॅशचे विघटन करण्यासाठी डेव्हींना त्या काळचे बलाढ्य घट लागले, तेच पोटॅश आज आपल्या रिमोटच्या सेलमध्ये भरलेले असते.

ते तिथे पोहोचले एका कॅनेडियन अभियंत्यामुळे. लुईस उरी यांना १९५५ साली त्यांच्या कंपनीने अमेरिकेतील क्लीव्हलँडजवळच्या प्रयोगशाळेत पाठवले. कार्बन-जस्ताच्या सेलचे आयुष्य वाढवणे हे त्यांचे काम होते. उरी यांच्या लक्षात आले, की जुनी रचना दुरुस्त करण्यापेक्षा अल्कलीचा सेल नव्याने बनवणे फायद्याचे ठरेल. जस्ताच्या भांड्याऐवजी त्यांनी जस्ताची पूड वापरली. पुडीचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असल्याने जास्त प्रवाह मिळू लागला. १९५७ साली उरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ साली हे सेल बाजारात आले आणि १९६० साली पेटंट मंजूर झाले.

या सेलची रचना जुन्या सेलच्या अगदी उलट असते. बाहेर पोलादी डबी, तिला आतून लागून मँगनीज डायऑक्साइडचा थर आणि मधोमध जस्ताच्या पुडीचा लगदा. लगद्यात पितळेची खिळ्यासारखी काडी असते. कार्बनची कांडी त्यात नसतेच. विद्युत अपघटनी म्हणून सुमारे ३५ टक्क्यांचे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते.

येथे डबी विरघळत नाही, मग गळती का होते? जस्त पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करते आणि हायड्रोजन तयार होतो. सेल पार संपला किंवा नव्या सेलच्या जोडीला जुना घातला, तर हा वायू जास्त प्रमाणात बनतो. डबी फुटू नये म्हणून ऋण टोकाकडच्या प्लॅस्टिकच्या झाकणात एक पातळ भाग मुद्दाम ठेवलेला असतो. दाब वाढला की तो फाटतो, वायू निघून जातो आणि त्यामागोमाग अल्कली पाझरते. बाहेर आल्यावर ती हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते आणि पोटॅशियम कार्बोनेटचे पांढरे स्फटिक जमतात. लाकडाच्या राखेत असतो तोच हा क्षार. स्वतः तो अल्कलीपेक्षा सौम्य असला तरी स्फटिकांच्या आड न बदललेली अल्कली शिल्लक असू शकते. म्हणून पांढऱ्या भुकटीला निरुपद्रवी समजू नये.

अल्कली त्वचेचे काय करते?

तीव्र आम्ल त्वचेला लागले की तेथील प्रथिने गोठतात आणि एक कडक थर तयार होतो. हा थर आम्लाला आणखी आत जाण्यास काही प्रमाणात अडवतो. अल्कलीच्या बाबतीत असा अडसर तयार होत नाही. ती प्रथिने विरघळवते आणि त्वचेतील मेदाचा साबण करते. अल्कली लागलेले बोट बुळबुळीत लागते, ते याच साबणीकरणामुळे. वाट मोकळी होत गेल्याने अल्कली खोल शिरत राहते. शिवाय वेदना पुष्कळदा उशिरा जाणवते. आम्ल लगेच चटका देते आणि माणूस नळाकडे धावतो. अल्कली लागलेला माणूस "काही होत नाही" म्हणून हात पॅन्टला पुसून कामाला लागतो.

एका थेंबाचा सामू किती असेल, हे वर्गात सहज मोजता येते. ३५ टक्क्यांच्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ८.४ मोल पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर त्यात ०.४२ मिलिमोल अल्कली येते. हा थेंब अर्धा लिटर पाण्याच्या भांड्यात मिसळला तर सामू सुमारे १०.९ होतो. एक लिटरमध्ये मिसळला तर १०.६ आणि दहा लिटरच्या बादलीत मिसळला तरी ९.६. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी, साधारण ५ सामूचा असतो. सामूचे प्रमाण लघुगणकी असल्यामुळे तो एकाने उतरवायचा तर पाणी दहापट लागते. भांडेभर पाण्यात हात बुडवून का भागत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. वाहते पाणी अल्कली विरळ तर करतेच, पण ती उचलून घेऊनही जाते.

सोडा, व्हिनेगर की पाणी?

आम्ल आणि अल्कली एकत्र आली की मीठ व पाणी तयार होते, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. तेव्हा आम्ल सांडले तर सोडा आणि अल्कली सांडली तर व्हिनेगर, हा निष्कर्ष सहज सुचतो. प्रयोगशाळांच्या भिंतीवरील तक्त्यांवर तो वर्षानुवर्षे लिहिला गेला. चंचुपात्रात तो खराही आहे.

त्वचा हे मात्र चंचुपात्र नव्हे. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते, एक मोल अल्कलीमागे सुमारे ५७ किलोज्यूल. किती आम्ल लागेल याचा अंदाज नसतो. जास्त झाले तर त्याचाही त्रास होतो. शिवाय कपाटातली बाटली सापडेपर्यंत अल्कली आत शिरत असते.

अमेरिकन शल्यचिकित्सक एडवर्ड डेव्हिडसन यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. आम्ल आणि अल्कली यांनी भाजलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून १९२७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. उदासिनीकरण केलेल्यांपेक्षा ताबडतोब पाण्याने धुतलेल्या प्राण्यांची स्थिती चांगली राहिली. पुढे पाण्याचा उपचार रूढ झाला.

वाद तेवढ्यावर संपला असे मात्र नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, उंदरांच्या त्वचेवरील अल्कलीच्या जखमा ५ टक्के ॲसेटिक आम्लाने धुतल्यावर पाण्यापेक्षाही चांगला परिणाम दिसला होता. म्हणजे उदासिनीकरण नेहमीच घातक असते, असेही म्हणता येत नाही. तरी प्रथमोपचारात पाण्याचे स्थान पक्के राहिले, कारण ते सर्वत्र आणि लगेच मिळते, आणि लागलेला पदार्थ आम्ल आहे की अल्कली हे आधी ओळखावे लागत नाही. व्होल्टाच्या मिठापासून उरींच्या अल्कलीपर्यंत सेलमधला पदार्थ कितीदा तरी बदलला. त्या सगळ्यांना चालणारा उपाय एकच निघाला.

प्रत्यक्ष काय करावे?

सेलमधला पदार्थ त्वचेला लागल्यास पुढील क्रम लक्षात ठेवावा.

१. सेल बाजूला ठेवावा. तो हात डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नये.

२. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढाव्यात. त्यांच्याखाली अल्कली अडकून राहते. कपड्यावर सांडले असेल तर तो कपडाही उतरवावा.

३. कोरडी भुकटी असेल तर ती आधी कोरड्या कागदाने किंवा फडक्याने हलकेच झटकावी. चोळू नये.

४. मग नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली ती जागा किमान १५ ते २० मिनिटे धरावी. घड्याळ लावून मोजावीत. अंदाजाने मोजलेली पंधरा मिनिटे बहुधा तीन-चारच भरतात. नळ नसेल तर बादलीतून तांब्याने सतत पाणी ओतावे आणि ते दुसऱ्या अंगावर न सांडता वाहून जाऊ द्यावे. बुळबुळीतपणा राहिला असेल तर आणखी धुवावे.

५. सोडा, व्हिनेगर, लिंबू, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

६. धुतल्यावरही आग होत असेल, लाली वाढत असेल, फोड आला असेल किंवा त्वचा पांढरट, बधिर झाली असेल तर डॉक्टरांकडे जावे. सेल पिशवीत घालून बरोबर न्यावा किंवा त्यावरची अक्षरे लिहून न्यावीत.

७. डोळ्यात गेल्यास एक क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून २० ते ३० मिनिटे पाण्याची संथ धार सोडावी. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास धुता धुता काढावी. त्यानंतर, बरे वाटले तरीही, लगेच रुग्णालयात जावे. अल्कली डोळ्याच्या पारपटलात झपाट्याने शिरते.

व्हिनेगर आणि लिंबाचा उपयोग आहे, पण तो उपकरणासाठी. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने रिमोटच्या पट्ट्यांवरील अल्कलीचे पांढरे डाग निघतात.

घड्याळातल्या आणि खेळण्यातल्या चपट्या सेलबद्दलही येथेच सांगायला हवे. लिथियमचा नाण्यासारखा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर गळती न होताही धोका असतो. सेलचा प्रवाह ओलसर ऊतीतून वाहतो आणि ऋण टोकाशी हायड्रॉक्साइड तयार होते. म्हणजे अल्कली तेथेच बनते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. नाकात किंवा कानात घातलेला सेलही असाच घातक ठरतो. अशा वेळी उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

शिक्षकांसाठी एक विशेष सूचना

या इतिहासाचा आपल्या वर्गाशी सरळ संबंध आहे. टाकाऊ सेल फोडून कार्बनच्या कांड्या काढायच्या आणि पाण्याच्या विद्युत अपघटनासाठी त्या विद्युतअग्रे म्हणून वापरायच्या, हा आपल्याकडचा जुना, स्वस्त आणि आवडता उपक्रम. एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही तो अनेक वर्षे होता. जेव्हा घरोघरी फक्त नवसागराचे सेल होते, तेव्हा या उपक्रमात हात काळे होण्यापलीकडे फारसा धोका नव्हता. आता मुले घरून जे सेल आणतील त्यांत अल्कलीचे सेलही असणार. ते कापले तर कार्बनची कांडी मिळणार नाही, अल्कली मात्र हाताला लागेल.

फरक ओळखणे अवघड नाही. अल्कलीच्या सेलवर इंग्रजीत 'अल्कलाइन' असा शब्द छापलेला असतो. तो दिसला नाही तर सांकेतिक अक्षरे पाहावीत. पेन्सिल सेलवर 'आर ६' असेल तर तो कार्बन-जस्ताचा. 'एलआर ६' असेल तर अल्कलीचा. टॉर्चच्या मोठ्या सेलवर अनुक्रमे 'आर २०' आणि 'एलआर २०' असते. सुरुवातीचे 'एल' हे एकच अक्षर पाहायला मुलांना शिकवावे. अक्षरे पुसली गेली असतील तर तो सेल फोडायचा नाही, असा नियम करावा. सेल फोडण्याचे काम शिक्षकांनीच, हातमोजे व चष्मा घालून, नळाजवळ करावे. कांड्या पेन्सिलीतील शिशाच्याही चालतात, तेव्हा अडून बसण्याचे कारण नाही.

आणि प्रयोगशाळेतील प्रथमोपचाराचा तक्ता एकदा वाचून पाहावा. त्यावर पहिली ओळ सोड्याची किंवा व्हिनेगरची असेल, तर ती खोडून तेथे 'वाहते पाणी, २० मिनिटे' असे लिहावे. तसे का लिहिले, ते मुलांना वरच्या थेंबाचे गणित करायला लावून पटवता येईल.